कार्बनखालची वही

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

महालक्ष्म्या काल गेल्या. घरात अजून आंबिलीचा वास.

दुपारी चुलत दादाचा फोन. सहा वर्षांनी. नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा वाटलं, काकूचं काही झालं. काकू बरी आहे. म्हणाला, "तुह्याकडे किती राह्यले?" ६१० म्हटलं. त्याच्याकडे ४८०. २०१९ मध्ये वाटणी झाली तेव्हा बडनेऱ्याच्या दोन्ही वस्त्या मिळून अठराशे केबल कनेक्शन होती. "दोन कंट्रोल रूम कायले पोसाच्या?" म्हणाला. मी काय बोललो आठवत नाही.

४ सप्टेंबर

हो म्हणालो होतो म्हणे. सकाळी त्याचा पोरगा स्प्लायसिंग मशीन घेऊन दारात उभा.

नवी केबल ओढायची गरजच नाही. दोन वस्त्यांमधल्या पुलावरची जुनी बारा कोअर आहे तशीच आहे. वाटणीत ती तोडली नव्हती. दोन्ही टोकांना टोप्या घालून डब्यात कोंबली होती. आमच्या टोकाची टोपी काढली तर आत मुंगळ्यांचं घर.

५ सप्टेंबर

पाऊस. कोअर चार आणि पाच चांगल्या आहेत. सात मेली.

६ सप्टेंबर

विसर्जन. डीजेच्या गाडीनं नव्या वस्तीत तीन ठिकाणी वायर तोडली. रात्री दोनला जेवलो.

७ सप्टेंबर, रविवार

ग्रहण. आईनं पिठात, दुधात, लोणच्यात तुळशीची पानं टाकली. मला म्हणाली, आज नको जोडू. मी म्हटलं, काचेची तार आहे, तिला काय ग्रहण लागतं.

अकरा वाजता जोडली. अकरा वाजून तीन मिनिटांनी काढली.

दोन्हीकडचं सगळं फुटलं. आमच्याकडे २३९.१.१.२२ म्हणजे खेळाचं चॅनल. दादाकडे २३९.१.१.२२ म्हणजे त्याचं लोकल चॅनल, भजनाचं. तार एक झाल्यावर एकाच पत्त्यावर दोघांचा माल आला. पडद्यावर हिरवे चौकोन, मधूनच टाळ. वर दोन्हीकडच्या स्ट्रीमरचा पत्ताही १९२.१६८.१.१०. मदतीचा पोरगा गोलू गच्चीवर लाल चंद्र पाहत होता. वरून ओरडला, "भाऊ, लागलं न!"

९ सप्टेंबर

बाबांची वही काढली. हिरव्या पुठ्ठ्याची, रजिस्टर साइज. पान ११ ते १९ चॅनलचे पत्ते. १२० ओळी. प्रत्येक आकडा दाबून लिहिलेला, मागच्या पानावर हात फिरवला तर लागतो.

दाबून का, ते आठवलं. वाटणीच्या आदल्या रात्री ते जेवणाच्या टेबलावर कार्बन लावून लिहीत बसले होते. वरची प्रत आम्हाला, कार्बनखालची दादाला. दोघांना सारखंच मिळालं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. भांडी, गाळे, डिश, पत्ते. डिशच्या दोन छत्र्या होत्या म्हणून बरं. तेव्हा पत्ते तरी वेगळे लिहायचे होते.

पान २० वर कोपऱ्यात: "चॅनल ४ मि. २० से. नी बंद पडते = क्वेरिअर नाही." हे त्यांनी घड्याळ लावून शोधलं होतं. स्विच विचारत राहतो की कोणी पाहतंय का. विचारणाराच नसला तर २६० सेकंदांनी स्विच समजतो, घरी कोणी नाही. १२५ दुणे २५०, वर १०.

१० सप्टेंबर

एका बाजूचे पत्ते बदलून टाका, इतकं सोपं का नाही, असं गोलू तिसऱ्यांदा विचारतो. दादाकडचे सगळे डबे जुने. यादी डब्याच्या पोटात. बदलायची तर ४८० घरांत जाऊन पेनड्राइव्ह लावायचा. आमच्या ५४० नव्या डब्यांची यादी सर्व्हरवरून बदलता येते. पण ७० जुने आमच्याकडेही आहेत, क्वार्टरकडच्या बिल्डिंगांत.

म्हणजे डब्यांना हात लावायचा नाही. मध्ये राउटर बसवायचा. दादाचा २३९.१.१.२२ त्याच्या हद्दीत २२ च राहील, पूल ओलांडताना दुसरा पत्ता घालून येईल. आमची दोन लोकल चॅनल तिकडे जाताना ८१ आणि ८२ होतील, दादाच्या डब्यांत त्या जागा रिकाम्या आहेत. सध्या फक्त लोकल चॅनलच इकडून तिकडे. पे चॅनलचा कागद वेगळा, त्याचं नंतर.

११ सप्टेंबर

लॅमिंग्टन रोडवरून जुना सिस्को मागवला. आठ हजारात. पंख्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा.

१२ सप्टेंबर

नेहमीचं नॅट लावून पाहिलं. पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतो. ग्रुपचा पत्ता ढिम्म. अर्धा दिवस गेला, मग कळलं की ते नॅट मल्टिकास्टच्या सोर्सपुरतंच आहे, ग्रुपसाठी वेगळीच चीज लागते. सर्व्हिस रिफ्लेक्शन म्हणतात तिला. राउटरच्या आत एक खोटं इंटरफेस बनवायचं, व्हिफ. ते एखाद्या डब्यासारखं दादाचा ग्रुप जॉइन करतं, आलेला माल नव्या पत्त्यावर पुन्हा सोडतं. पाठवणारा म्हणून स्वतःच्या घरातलाच एक पत्ता लावतं.

दादाला फोन केला: तुझ्या स्ट्रीमरचा पत्ता १९२.१६८.२.१० कर. राउटरच्या दोन हातांना एकच नेटवर्क चालत नाही. "कायले? काकांनी दहा दिला हाय," म्हणाला. मग केला.

१३ सप्टेंबर

गोलूनं विचारलं, प्रत्येक घराला वेगळं का नाही पाठवत, सगळे तर तसंच करतात मोबाईलवर. पाटीवर लिहून दाखवलं. एक चॅनल ४ एमबीपीएस. सहाशे घरांनी एकच मॅच लावली तर सहाशे चोक चोवीसशे. ग्रुपनं पाठवलं तर ४. बस.

गोलू ऑप्शन खेळतो, म्हणून त्याला त्याच्या गल्लीतलं सांगितलं. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात २०१४ पर्यंत टिक-बाय-टिक भाव एकेकाला टीसीपीवरून जायचे. रांगेनं. सर्व्हरला जो सकाळी आधी चिकटला त्याला भाव आधी. मग मल्टिकास्ट केलं, सगळ्यांना एकदमच. त्या रांगेवरून सेबीचा ३० एप्रिल २०१९ चा आदेश निघाला, प्रकरण पुढे अपिलात गेलं. गोलू म्हणे, "म्हणून मी लुटलो गेलो." तो तेव्हा सातवीत होता.

१४ सप्टेंबर, रविवार

भारत-पाकिस्तान. आज कशालाच हात लावला नाही. जिंकलो. फोन फक्त चौदा.

१५ सप्टेंबर

काहीच येत नाही. शो आयपी एमराउट. ओळ दिसते, पाकीट नाही. दुपारी साडेतीनला टीटीएल दिसला. १. दादाचा स्ट्रीमर पाकिटावर आयुष्य १ लिहून सोडतो. पहिल्याच राउटरच्या उंबऱ्यावर मेलं. १६ करायला सांगितलं.

१६ सप्टेंबर, दशमी

बाबांची तिथी. कढी, वडे, खीर, गवार, भोपळा. कावळा लवकर आला.

दादा जेवायला आला. वाटणीनंतर या घरात पहिल्यांदा. दारात चप्पल कुठे काढायची यावर घुटमळला, चपलांचं कपाट आता डावीकडे आहे. आईनं विचारलं, "साखर चालते न रे तुले अजून?" एवढंच. कढी तीनदा घेतली.

जाताना वळून म्हणाला, काकांचं स्कूटर विकलं का? विकलं म्हटलं. "गुरुवारी दिसे नेहमी," म्हणाला. गुरुवारी बाबा कोंडेश्वरला जायचे. पुलावरूनच रस्ता.

१७ सप्टेंबर

आला!

दादाचं भजन आमच्या मॉनिटरवर. २३९.१२९.१.२२ वर. मी १ च्या जागी १२९ घेतला. एकात १२८ मिळवले की झालं, लक्षात राहतं. ओळ वहीत उतरवतो: आयपी सर्व्हिस रिफ्लेक्ट, डेस्टिनेशन २३९.१.१.० टू २३९.१२९.१.०, मास्क-लेन २४, सोर्स १०.१०.१०.२. व्हिफवर २१ ते २६ असे सहाच ग्रुप स्टॅटिक जॉइन.

रात्री नऊ: आमचं २२ लावलं की त्याच्यातही भजन. आमच्या डब्यानं २३९.१.१.२२ मागितला की राउटर म्हणतो, आहे माझ्याकडे, आणि दादाचा मूळ मालही इकडे सोडतो. मागच्या दारानं. बाउंड्री लावली. आमच्या बाजूला २३९.१.१ मधलं काही जाणार नाही. दादाच्या बाजूलाही तसंच, ८१-८२ सोडून.

साडेदहाला स्वच्छ.

१९ सप्टेंबर

नव्या डब्यांवर यादी सोडली. ७०१ ते ७०६. "जुनी वस्ती" असं नाव दिलं विभागाला. दादाला आवडलं नाही. "आम्ही काय जुने का?" बडनेरा-२ केलं. आता आईला आवडलं नाही.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. पुन्हा पाकिस्तान, पुन्हा जिंकलो. फोन नऊ.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

आजपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ चा १८ झाला. चौकातल्या दुकानात गर्दी. आपल्याला काय, लोक स्मार्ट टीव्ही घेतात आणि केबल काढतात.

पहाटे चारला बायका अनवाणी अंबादेवीला निघाल्या. अमरावती नऊ-दहा किलोमीटर. बायको यंदाही गेली. दादाचा पोरगा जुन्या वस्तीतल्या मंडळाची आरती दाखवतो. ७०२. सकाळी सातला आम्ही सगळे उभे राहून पाहिली. काकू पहिल्या रांगेत खुर्चीवर. केस पूर्ण पांढरे. आई पडद्याजवळ गेली, मग पदरानं पडदा पुसला.

२३ सप्टेंबर

क्वार्टरकडून तक्रार. चित्र फुटते. केबल बदलली.

२४ सप्टेंबर

तीच बिल्डिंग. तळमजला. फक्त आरतीच्या वेळी फुटते म्हणतात. गोलू म्हणे, देवीचा कोप. स्विच बदलला.

२५ सप्टेंबर

तळमजल्यावरच्या काकांकडे सकाळी साडेसहापासून बसलो. रेल्वेतून रिटायर. जुना डबा, २२ वर जुन्या मॅचचं पुनःप्रक्षेपण. पोहे झाले. सात वाजले, वर शंख वाजला, कोणीतरी आरती लावली. त्याच क्षणी बॉलरचा हात चौकोनांत गेला, कॉमेंट्रीतून घंटा ऐकू आली. सव्वासातला वरच्यांनी बंद केलं, दोन सेकंदांत चित्र ठीक.

काका म्हणाले, "पाह्यलं न? वरतून पाझरून राह्यलं."

नळ असता तर कळलं असतं. चॅनल मजल्यातून कसं पाझरतं?

२६ सप्टेंबर

झोप नाही. बाउंड्री बरोबर. राउटरमध्ये काहीच गडबड नाही. बिल्डिंगचा स्विच नवा लावला तो जुन्याच जातीचा, माझ्या गोदामातला.

२७ सप्टेंबर

उद्या फायनल. पुन्हा पाकिस्तान. ७०२ चार तास बंद ठेवावं का? दादाला विचारलं. "नवरात्रात आरती बंद करू का?" बरोबर आहे त्याचं.

२८ सप्टेंबर, रविवार

फोन ६३.

आठला मॅच, साडेआठला मंडळाची आरती आणि लगेच गोंधळ. वरच्या मजल्यांवर देवी, खालच्या मजल्यांवर जुने डबे. पाकिस्तान १४६ वर सर्वबाद झालं ते क्वार्टरकडच्या लोकांनी संबळाच्या आवाजात ऐकलं. एकजण म्हणाला, "कुलदीपनं विकेट घेतली का देवीनं, कायच समजून नाही राह्यलं." चार विकेट कुलदीपच्याच.

दहाला मी ७०२ बंद केलं. दादाला न विचारता. भारत पाच विकेटनी जिंकला, दोन चेंडू राखून. फटाके. मी टेबलाखालच्या वायरी पाहत होतो.

साडेबाराला दादाचा फोन. ओरडला नाही. "माह्या मायनं विचारलं, तिकडे कोणी पाहून नाही राह्यलं का आता." ठेवला.

२९ सप्टेंबर

सापडलं. पहाटे चार.

ग्रुपचा पत्ता शेवटी मॅक पत्त्यावर उतरतो. ०१-००-५ई, पुढे २३ बिट. आयपीत ग्रुपचे बिट २८. म्हणजे पाच बिट हवेत जातात, आणि ३२ ग्रुपना मॅक पत्ता एकच. दुसऱ्या आकड्याचा पहिला बिट त्यातलाच. तो १२८ चा. १२९ मधून १२८ गेले की उरतो १.

लक्षात राहतं म्हणून १२८ मिळवले होते. नेमके तेच १२८.

जुना स्विच मॅक पाहून माल सोडतो. वर आरती मागितली की खाली क्रिकेटच्या दारातही आरती. नवा डबा आयपी तपासून फेकून देतो. जुना डबा मॅक आणि पोर्ट पाहतो, पोर्ट सगळ्यांचा १२३४. तो दोन्ही गिळतो. १८८ बाइटचे सात तुकडे देवीचे, सात क्रिकेटचे.

या २३ बिटांची एक गोष्ट सांगतात. स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंगला मॅक पत्त्यांचे सोळा गठ्ठे हवे होते, म्हणजे २८ बिट पुरे बसले असते. गठ्ठा हजार डॉलरला. जॉन पोस्टेल यांनी एकच घेतला, आणि त्यातलाही अर्धाच त्याला दिला. ऑगस्ट १९८९ च्या मानकात, आरएफसी १११२ मध्ये, ते २३ बिट कायमचे बसले. कोणी तेव्हा काटकसर केली, आणि माझे रविवारचे ६३ फोन.

१२९ चा २ केला. २३९.२.१.२१ ते २६. दोन्हीकडे, यादीत, सगळीकडे. पाच वाजून दहा मिनिटांनी ७०२ सुरू. क्वार्टरकडे स्वतः जाऊन वर-खाली दोन्ही लावून पाहिलं. रिटायर काका दात घासत म्हणाले, "बंद झालं पाझरणं."

दादाला मेसेज केला: चूक माझी होती. १२९ नको होता.

अर्ध्या तासानं त्याच्या वहीच्या पान २० चा फोटो आला. खाली काही लिहिलं नाही. कार्बनची निळी पुसट अक्षरं, ४ मि. २० से. वगैरे. त्याखाली बॉलपेननं, कार्बन नाही, नंतर लिहिलेलं: "१ सोबत १२९ लावू नये. मॅक तोच. १३-२-२०."

अक्षर बाबांचं.

आमच्या वहीत त्या जागी कोरं आहे. पान उलटून हात फिरवला. कोरंच.

२९ सप्टेंबर, रात्री

१३ फेब्रुवारी २०२० ला कोणता वार होता, मोबाईलवर पाहिलं. गुरुवार.

आई पोळ्या लाटत होती. विचारलं, बाबा गुरुवारी कुठे जायचे? "कोंडेश्वरले." महादेवाचा वार सोमवार न? तिनं लाटलेली पोळी उचलून तव्यावर टाकली. "तुले का करायचं आता," म्हणाली.

३० सप्टेंबर, अष्टमी

फोन दोन. दोन्ही बिलाचे.

१ ऑक्टोबर

दादाच्या डब्यांवर ८१, ८२ सुरू केलं. ८१ वर आमचं लोकल. पण आमच्याकडे दाखवायला आज काही नाही. गोलूनं भिंतीवरच्या घड्याळावर कॅमेरा लावून ठेवला, सिग्नल चालू राहावा म्हणून.

वहीत पान २० वर मीही लिहिलं, पेन्सिलीनं. १२९ बद्दल. तारीख टाकली नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी सोनं घेऊन पुलापलीकडे. पुलावर गाडी थांबवली, खाली मालगाडी जात होती, डबे मोजले, ५८. सहा वर्षांत हा पूल रोज दिसतो, चढलो नव्हतो.

दादा घरी नव्हता, मंडळात. काकू टीव्हीसमोर. पाया पडलो, हातात आपट्याची पानं दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच बघत होती. ८१. आमचं घड्याळ.

"सकाळपासून पाहून राह्यली," म्हणाली. "हे काकांचंच न, पितळी काट्याचं?"

हो म्हटलं.

वहिनीनं चहा आणला. सोबत चिवडा. काकू अजून पडद्याकडेच.

"पाच मिनिटं मागे हाय ते."

३ ऑक्टोबर

घड्याळ लावलं. पाच नव्हे, सात मिनिटं मागे होतं.